जुन्या सेडानचे शॉकर: कंपनी विचारण्याआधी गाडीखाली वाका

शॉकर गेले म्हणजे हादरे बसायला लागले, एवढाच अर्थ बहुतेक घरांत घेतला जातो. घरात कुणाची कंबर दुखत असेल तर खर्च होतो, नाहीतर ‘अजून वर्षभर निघेल’ म्हणून गाडी तशीच चालवतात. मला याची काळजी वाटते, कारण हादरे हा या बिघाडातला सगळ्यात कमी धोक्याचा भाग आहे. शॉकर कमजोर झाला की चाक रस्ता धरून राहत नाही. ब्रेक उत्तम असोत, टायर कोरे असोत, चाक ज्या क्षणी रस्त्यावरून उचललं गेलेलं असतं त्या क्षणी दोघांचाही उपयोग नसतो.

इंदूरमध्ये हे लवकर होतं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि वरचा डांबराचा थर तिच्याबरोबर हलत राहतो. त्यात कॉलन्यांमधले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येतो. गल्लीत लोकांनी स्वतः घातलेला गतिरोधक उंचीला तेवढाच, पण रुंदीला जेमतेम हातभर असतो. गाडी वर चढून सावरायच्या आत खाली आपटते, आणि तो मार थेट शॉकरला बसतो.

शॉकर म्हणजे काय हे एकदा नीट समजलं की निवड निम्मी सोपी होते. गाडीचं वजन शॉकर पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. पण स्प्रिंग दाबली की ती नुसती परत येत नाही, झोका घेत राहते. हा झोका मोडायचं काम शॉकरचं. नळीत तेल असतं, दांड्याच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यांवर पातळ पत्र्याचे व्हॉल्व्ह. दांडा वर-खाली झाला की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं आणि हालचालीतली ताकद उष्णता होऊन निघून जाते. दवाखान्याच्या किंवा बँकेच्या दाराला वर जो क्लोजर लावलेला असतो, त्याचं तत्त्व हेच: हळू ढकला, सहज सरकतो, जोरात ढकला, तितकाच जोरात अडवतो. फरक असा की शॉकर परतीच्या वेळी जास्त अडवतो. खाली दाबताना स्प्रिंग स्वतःच विरोध करत असते, वर येताना मात्र ती साठवलेली सगळी ताकद एकदम सोडते.

स्ट्रट हा शॉकरचाच थोरला भाऊ, पण जबाबदारी मोठी. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या सेडानमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना केली आणि आजही पुढच्या चाकांना तीच चालते. यात शॉकरची नळी खाली थेट चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्या लोखंडी भागावर बसतं त्याला, बोल्टने कसलेली असते, तिच्या अंगावरच स्प्रिंग बसते, आणि वर रबरी माउंट आणि बेअरिंग असतं, कारण स्टिअरिंगबरोबर अख्खा स्ट्रट फिरतो. म्हणजे चाकाचा कोन स्ट्रटवर अवलंबून आहे. मागे बहुतेक सेडानमध्ये टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई, असते. तिथे स्प्रिंग वेगळी, शॉकर वेगळा, आणि शॉकर वर-खाली एकेका बोल्टवर सुटतो. म्हणून मागचं काम तासाभरात होतं, पुढच्याला अर्धा दिवस लागतो आणि नंतर अलाइनमेंट करावंच लागतं.

आता शॉकर खरंच गेलेत का? गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडायचा, एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर गेले: ही चाचणी सगळ्यांना माहीत असते. डोलली तर शॉकर गेलाच समजा. पण नाही डोलली म्हणून तो चांगला आहे असं ठरत नाही. गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झोका घेतं, हाताने आपण तेवढंच हलवू शकतो. चाक स्वतः मात्र खराब रस्त्यावर सेकंदाला दहा ते पंधरा वेळा नाचतं. हा नाच हाताच्या चाचणीत दिसतच नाही, आणि टायर रस्ता सोडतो तो याच नाचामुळे.

त्यापेक्षा टायरवर तळहात फिरवा. गोलाईच्या दिशेने, सावकाश, कडेच्या खोबणीपासून आतल्या कडेपर्यंत. शॉकर मेलेल्या चाकाचा रबर सलग झिजत नाही. हाताला उंचवटा, खळगा, पुन्हा उंचवटा असं लागतं. डोळ्यांना नक्षी ठीक दिसत असते, हात मात्र लगेच सांगतो. अशा टायरचा रस्त्यावर घूं-घूं आवाज येतो आणि लोक व्हील बेअरिंग बदलत बसतात.

दुसरी खूण तेलाची. नळीच्या वरच्या भागावर धुळीचा हलका ओलसर थर असेल तर घाबरू नका, दांड्याबरोबर थोडं तेल निघतंच. पण तेल ओघळून खालपर्यंत आलेलं, त्यावर काळी चिकट माती धरलेली दिसली की तेल अडवणारं सील गेलं. तिसरी खूण फार कमी लोक बघतात: खराब रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवून थांबा आणि चारही शॉकरच्या नळीला हात लावून पाहा, ब्रेकच्या डिस्कला आणि सायलेन्सरला हात न लागू देता. काम करणारा शॉकर कोमट किंवा गरम लागतो. त्याच धुरीवरचा (ॲक्सलवरचा, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीतला) एक गरम आणि दुसरा गार असेल तर गार असलेला काम करत नाहीये.

आवाजावरून मात्र घाई करू नका. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना येणारी टक-टक बहुतेक वेळा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडची असते, आणि तो शॉकरच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ असा आवाज येऊन स्प्रिंग उडी मारते, तेव्हा वरचं बेअरिंग जाम झालेलं असतं. मोठ्या खड्ड्यात ‘धप्प’ होतं तेव्हा गाडी पूर्ण दबून बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटत असते. त्याला शॉकर, थकलेली स्प्रिंग किंवा फाटलेला माउंट यांतलं काहीही कारण असू शकतं. अनेक शॉकर उत्पादक ८०,००० किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगतात. आपल्या रस्त्यांवर ४०,००० नंतर दर सर्व्हिसला तपासायला सांगावं असं माझं मत आहे.

या मोसमात मामांनी विचारलं, “कुठल्या कंपनीचे टाकू ते सांग फक्त, छोट्या ग्वालटोलीतून घेऊन येतो.” मी म्हटलं, “मामा, आधी गाडी सपाट फरशीवर लावा, डिकी रिकामी करा, चारही टायरांत सारखी हवा भरा.” मग घरातली शिवणाची टेप घेतली आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कमानीपर्यंत सरळ उभं अंतर मोजलं. पुढे डावी-उजवी जवळजवळ सारखी निघाली. मागे उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर खाली होती. टॉर्च घेऊन वाकलो तर स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा टोकाशी तुटलेला, तुटक्या तोंडावर जुना गंज. चिखल-पाणी तिथेच साचतं, म्हणून स्प्रिंग बहुतेक तिथेच तुटते. मामांनी जगातले सगळ्यात महाग शॉकर आणले असते तरी ती बाजू तशीच बसलेली राहिली असती.

माझं सगळं सांगणं यात येतं. दहा-बारा वर्षांच्या सेडानला कंपनीचं नाव दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: शॉकर ज्या स्प्रिंगला आवरणार आहे ती कशी आहे, आणि ज्या रबरावर तो टेकणार आहे ते कसं आहे. पुढच्या स्ट्रटबरोबर वरचा माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचा रबरी बूट नवे घ्यायलाच हवेत. बूट फाटलेला तसाच ठेवला तर माळव्याची बारीक धूळ चकचकीत दांड्यावर बसते, सील घासते, आणि नवा शॉकर लवकर गळतो. स्ट्रट उघडायची मजुरी एकदाच लागते. चारशे-पाचशे रुपयांचं रबर वाचवून तीच मजुरी पुन्हा द्यायची, यात फायदा नाही.

आता निवड. बाजारात ढोबळ चार प्रकार मिळतात: गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, शॉकर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातला, बिननावाचा, आणि ‘रिपेअर केलेला’.

पहिल्या दोघांत बरेचदा फरक फक्त खोक्याचा असतो, कारण बहुतेक कार कंपन्या शॉकर स्वतः बनवत नाहीत. गॅब्रिएल १९६१ पासून भारतात शॉकर बनवतेय आणि तिचा एक कारखाना आपल्या शेजारी देवासला आहे. मोनरो, केवायबी, शोवा हीही याच धंद्यातली जुनी नावं. तुमच्या गाडीला मूळ कोणाचा शॉकर लागून आला होता ते जुन्या नळीवरची छापील अक्षरं चिंधीने पुसून वाचा. त्याच बनवणाऱ्याचा, त्याच मॉडेल-वर्षाचा मिळाला तर तो निःशंक घ्या. नाही मिळाला तर बाकी नामांकितांपैकी कुणाचाही ‘मूळ बरोबरीचा’ घेतला तरी चालेल. अमक्याचाच हवा म्हणून अडून बसण्यात अर्थ नाही.

‘गॅसवाला घ्या साहेब, एकदम मऊ’ असं दुकानात सांगितलं जातं. गॅसचा आणि मऊपणाचा संबंध नाही. तेल भोकांतून वेगाने जाताना त्यात बुडबुडे होतात, फेस होतो, आणि फेस अडवू शकत नाही. लांब खराब रस्त्यावर साधा शॉकर मधेच ढिला पडतो तो यामुळे. नायट्रोजन दाबाने भरला की फेस कमी होतो, शॉकर शेवटपर्यंत एकसारखा वागतो. दोन नळ्यांच्या (एका नळीत दुसरी नळी असलेल्या) शॉकरमध्ये हा दाब थोडा असतो, एका नळीच्यात बराच जास्त. एका नळीचा अधिक चपळ असतो, पण महाग, आणि त्या एकाच नळीला बाहेरून दगडाचा मार लागून खळगा पडला तर पिस्टन अडकतो. रोजच्या सेडानला दोन नळ्यांचा गॅसवाला पुरेसा आहे, आणि बहुतेक गाड्यांत कंपनीतूनच तो आलेला असतो.

कडक, ‘स्पोर्ट’ प्रकारचे शॉकर बारा वर्षं जुन्या स्प्रिंगवर घालू नयेत असं मला ठामपणे वाटतं. बसलेली स्प्रिंग आधीच कमी उंचीवर काम करते, दांड्याची खालची धाव उरलेली नसते, त्यात कडक व्हॉल्व्ह आले की प्रत्येक खड्डा बॉडीपर्यंत पोचतो. जुन्या बुशांना (जोडांमधल्या रबरांना), चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटला तो मार झेपत नाही. हौस असेल तर स्प्रिंगसकट पूर्ण संच बदला.

गाडी खाली लागते म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी किंवा प्लॅस्टिकचे बफर अडकवून देतात, तेही नको. ज्या वेढ्यांत बफर अडकतो ते काम करायचे थांबतात, उरलेल्यांवर जास्त ताण येतो. स्प्रिंग आखूड आणि कडक होते, तिच्या उसळीला आवरायला बनवलेला शॉकर कमी पडतो. बसलेल्या स्प्रिंगवर उपाय नवी स्प्रिंगच, आणि तीही जोडीने.

सीएनजी गाडी असेल तर दुकानात पहिलं वाक्य हेच बोला. साठ लिटर पाणी-क्षमतेची स्टीलची टाकी रिकामीच पन्नास-साठ किलोंच्या घरात जाते आणि ती कायम मागच्या धुरीवर बसलेली असते. कंपनीतून सीएनजी आलेल्या गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगा बऱ्याचदा वेगळ्या असतात आणि त्यांचा पार्ट नंबरही वेगळा. बाहेरून किट बसवलेल्या पेट्रोल गाडीत मात्र मूळ हलक्याच स्प्रिंगा असतात. चार माणसं, सामान आणि भरलेली टाकी घेऊन ओंकारेश्वरला निघालं की भेरूघाटाच्या वळणांवर मागची बाजू लोळते. तिथे नवे शॉकर एकटे पुरे पडत नाहीत, स्प्रिंगचाही विचार करावा लागतो.

रिपेअर केलेल्या शॉकरबद्दल स्पष्ट सांगतो: घेऊ नका. जुन्या नळीला भोक पाडतात, तेल ओततात, वेल्डिंगने बंद करतात, काळा रंग देतात. गॅस परत भरला जात नाही, झिजलेले व्हॉल्व्ह बदलले जात नाहीत. दुकानात दाबून बघितला तर छान जड लागतो, कारण तेल जाड घातलेलं असतं. गरम झाल्यावर ते पातळ होतं आणि पुन्हा पहिल्यासारखं.

नवा घेताना पार्ट नंबर, डावा-उजवा, बनवल्याची तारीख, छापील किंमत, होलोग्राम बघा आणि पक्कं बिल घ्या. नकली मालावर हाच इलाज. पेट्रोल आणि डिझेल मॉडेलचे पुढचे स्ट्रट वेगळे असू शकतात, कारण डिझेलचं इंजिन जड असतं. चेसिस नंबर सांगून पार्ट नंबर काढून घेतला की ही गल्लत होत नाही.

बसवताना मेकॅनिकजवळ उभं राहायला संकोच करू नका. दोन नळ्यांचा शॉकर दुकानात आडवा पडून असतो, तेव्हा आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो उभा धरून दांडा पूर्ण बाहेर ओढायचा, मग सावकाश पूर्ण दाबायचा, असं चार-पाच वेळा. पहिल्या दाबाला मधे कुठेतरी पोकळ, सुटल्यासारखं लागतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी वरपासून खालपर्यंत एकसारखा जोर लागतो. त्यानंतर आडवा न करता बसवायचा. हे न करता लावलेला नवा शॉकर पहिल्याच दिवशी आवाज करतो आणि गिऱ्हाईक माल खराब म्हणून दुकानात भांडायला जातं.

दांडा पक्कडीने धरू देऊ नका. क्रोमवर एक ओरखडा पडला की तो प्रत्येक खेपेला सील कापत राहतो. वरचं नट मशीनने न कसता हाताने कसावं, मशीनने दांडा गरगर फिरतो. मागच्या शॉकरचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना नुसते धरून ठेवायचे, आणि गाडी चाकांवर उभी राहिली की शेवटचं कसायचं; लटकत्या अवस्थेत कसलं तर बुशातलं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्प्रिंग दाबायला कॉम्प्रेसर हवाच. दोरी बांधून, पाय देऊन स्प्रिंग उघडणारा मेकॅनिक दिसला तर त्याला थांबवा, त्या दाबलेल्या स्प्रिंगने माणूस जायबंदी होऊ शकतो. घरी स्वतः करण्यासारखं हे काम नाही.

दबलेल्या शॉकरची सवय झालेली असते, म्हणून नवे बसवल्यावर गाडी कडक वाटते. पहिल्या आठवड्यात मत बनवू नका. पुढचे स्ट्रट बदलले असतील तर अलाइनमेंट त्याच दिवशी करून छापील रिपोर्ट घ्या, कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत) दोन्हीचे आकडे त्यात असायला हवेत. बरेच जण फक्त टो सुधारून काम संपवतात, म्हणून कॅम्बरबद्दल मुद्दाम विचारा. जे टायर आधीच खळगे पडून झिजलेत ते नव्या शॉकरने सरळ होत नाहीत, घूं-घूं चालूच राहील.

आपल्या पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रात, जिथे ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, गाड्यांचा थकवा आणि आराम तपासायला वेगळे ट्रॅक बांधलेले आहेत. शॉकरच्या प्रत्येक व्हॉल्व्हमागे अशा चाचण्या असतात. म्हणूनच गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या मापापासून लांब जायला मी सांगत नाही.

चारही एकदम बदलायला पैसे नसतील तर एका धुरीची जोडी बदला, एकटा कधीच नाही. एक नवा, एक जुना असला की ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते. कुठली जोडी आधी? गळणारी असेल ती. दोन्ही सारख्याच थकल्या असतील तर पुढची, कारण पुढच्या इंजिनाच्या सेडानचं जास्त वजन पुढे असतं आणि ब्रेक लावताना ते आणखी पुढे येतं. सीएनजीची टाकी असलेली, नेहमी भरून चालणारी गाडी असेल तर मागची. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल आणि नोंदणी पुढे पाच वर्षं वाढवायची असेल, तर फिटनेसच्या आधी हे काम उरकून घ्या. विकायचीच असेल तर गळणारी जोडी तेवढी बदला आणि बाकीचे पैसे टायरात घाला.